थांबण्याचा खर्च

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला गाडी पळवण्यावर खर्च करताना सहसा कारण द्यावे लागत नाही. ती थांबवण्यावर खर्च करायचा म्हटले की मात्र त्याला पदार्थविज्ञान, कुटुंबाची सुरक्षितता आणि काटकसर या तिन्ही विषयांवर एकाएकी अधिकारवाणीने बोलता यावे लागते. त्यातही काटकसरीचा विषय महत्त्वाचा, कारण अशा गाडीचे ब्रेक सुधारण्याचा प्रत्येक बेत, निदान कागदावर तरी, स्वस्तात पार पडायचा असतो. या बेतांच्या अभ्यासाला अमेरिकेतली डॅटसन २४०झेड ही गाडी फार सोयीची आहे, कारण तिच्या मालकांनी गेल्या काही दशकांत स्वस्तात थांबण्याचे एक अख्खे शास्त्र उभे केले असून त्या शास्त्राचा पाया एका मालवाहू गाडीच्या भंगारावर घातलेला आहे.

निसान कंपनीने ही गाडी ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये 'फेअरलेडी झेड' या नावाने आणली. 'माय फेअर लेडी' या संगीतिकेवरून आलेले हे नाव ऐकून कोणी अमेरिकन पुरुष शोरूमची पायरी चढणार नाही, असे कंपनीचे अमेरिकेतले प्रमुख युताका कातायामा यांचे मत होते, म्हणून तिकडे पोहोचलेल्या गाड्यांवरची नावाची पट्टी काढवून त्यांनी तिथे '२४०झेड' अशी पट्टी लावून घेतली. स्पोर्ट्स कारच्या इतिहासात सर्वांत कमी खर्चात झालेली सुधारणा बहुधा हीच असावी. लांबलचक बॉनेटखाली २,३९३ घन सेंटिमीटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासचा वेग आणि ३,५२६ डॉलर किंमत, असा तिचा थाट होता. रुबाबात तिच्या जोडीला बसेल अशा जग्वार ई-टाइपला त्या काळी पाच हजारांवर डॉलर मोजावे लागत. ज्यांना जग्वार हवी होती पण झेपत नव्हती, अशा पुष्कळांनी डॅटसन घेतली, आणि काटकसर या गाडीच्या घराण्यात तेव्हापासूनच आली.

तिचे ब्रेक त्या काळाच्या मानाने चांगलेच होते. पुढच्या चाकांना डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि दोन बाजूंनी पॅड दाबून अडवली जाणारी लोखंडी तबकडी. ही सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाची आणि साडेबारा मिलिमीटर जाडीची, भरीव. मागच्या चाकांना ड्रम, म्हणजे आतून लायनर फाकवून ज्याला रोखले जाते असा नऊ इंच व्यासाचा डबा. १९७० साली रस्त्यावरच्या इतर गाड्याही अशाच किंवा याहून वाईट थांबत असल्याने कोणाची तक्रार नव्हती. पन्नास वर्षांनंतर गाडी तीच राहिली, पण तिच्या पुढे चालणारी गाडी बदलली. चाक जाम होऊ न देणारी एबीएस ही संगणकी व्यवस्था, रुंद टायर आणि ताटाएवढ्या डिस्क असलेली एखादी व्हॅन, जिच्यात मागे तीन मुले व एक कुत्रा बसलेला असतो, ती सिग्नलला जितक्या अंतरात उभी राहते तितक्या अंतरात ही जुनी डॅटसन उभी राहीलच याची खात्री नसते. स्पोर्ट्स कारच्या मालकाला ब्रेकची पहिली जाणीव होते ती शर्यतीच्या मैदानावर नव्हे, तर अशा व्हॅनच्या मागच्या काचेवर चिकटवलेले शाळेचे स्टिकर अनपेक्षितपणे वाचता येऊ लागते तेव्हा.

इथे थोडे पदार्थविज्ञान अटळ आहे. ब्रेकचे काम गतीची उष्णता करणे एवढेच असते. गाडी प्रत्यक्षात अडवतात ते टायर, आणि टायरची रस्त्यावरची पकड संपली की त्यापुढे ब्रेक कितीही बलदंड असून उपयोग नसतो. हे विधान कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडते, परंतु ते वाचल्यावर खरेदीचा उत्साह मावळत असल्यामुळे ब्रेकचे साहित्य विकणारे ते फारसे छापत नाहीत आणि घेणारे ते फारसे वाचत नाहीत. चालकासह साधारण १,१५० किलो भरणारी ही गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे ४४४ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ती एकदा ब्रेक मारून उभी केली की, हवेचा अडथळा वगैरे किरकोळ वजावट सोडल्यास, ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या लोखंडात उष्णता होऊन उतरते, आणि तेवढ्या उष्णतेवर खोलीच्या तापमानाचे १.४ लिटर पाणी उकळीला येऊ शकते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणजे ताशी २०० किलोमीटरवरून थांबताना साडेपाच लिटर पाणी. एखाद्या आटोपशीर साखरपुड्याचा चहा त्यावर सहज व्हावा. हा चहा एकदाच करायचा असेल तर डॅटसनचे मूळ ब्रेकही तो करतात. अडचण येते ती लागोपाठ पाचव्या, सहाव्या वेळी, जेव्हा आधीची उष्णता निघून जाण्यापूर्वी नवी येऊन पडते, पॅड आपल्या सोसण्याच्या मर्यादेपलीकडे तापतात, त्यांचे घर्षण कमी होते आणि पाय तितकाच दाबूनही गाडी पूर्वीइतकी हळू होत नाही. याला ब्रेक 'फेड' होणे म्हणतात. १९५३ साली जग्वारच्या सी-टाइप गाड्यांनी ल मांची चोवीस तासांची शर्यत डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या बळावर मारली, ती यामुळेच. सरळ रस्त्याच्या टोकाला इतरांपेक्षा उशिरा ब्रेक मारण्याची हिंमत त्यांना दर फेरीला करता येत होती.

म्हणून मोठ्या ब्रेकची खरी गरज डोंगर उतरणाऱ्याला किंवा मैदानावर फेऱ्या मारणाऱ्याला असते. सर्वसाधारण २४०झेड मात्र रविवारी सकाळी निघते, समविचारी मंडळी जिथे कॉफी प्यायला जमतात त्या पटांगणापर्यंत जाते आणि ऊन चढायच्या आत परत येते. या प्रवासात ब्रेक तापण्याची संधी इतकी विरळ असते की काही मालक परतीचा रस्ता मुद्दाम घाटाचा निवडतात.

अशा गाडीचे ब्रेक खरोखर स्वस्तात सुधारण्याचे उपाय आहेत आणि ते सर्वांना ठाऊकही आहेत. तेवढ्यानेच ते दुर्लक्षित राहिले आहेत. पहिला उपाय, आपल्याकडच्या गॅरेजात ज्याला ब्रेक ऑईल म्हणतात तो द्रव बदलणे. ब्रेकच्या पॅडलवर दिलेला पायाचा दाब या द्रवामार्फत चारही चाकांकडे जातो, आणि द्रव दाबला तरी आक्रसत नाही या एकाच गुणावर ही सगळी व्यवस्था उभी आहे. मात्र हा ग्लायकॉलच्या जातीचा द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतो. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या 'डॉट ४' या मानकाप्रमाणे ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरलेल्या द्रवासाठी हेच मानक १५५ अंशांवर समाधान मानते. दहा वर्षे न बदललेला द्रव घाटात उकळला की त्याची वाफ होते, वाफ आक्रसते, आणि पॅडल काहीही प्रतिकार न करता सरळ तळाला टेकते. हा अनुभव कट्टर नास्तिकालाही क्षणभर आस्तिक करून सोडतो. दुसरा उपाय, जुने रबरी होज बदलणे, कारण वयोमानाने रबर आतून फुगते, वाट अरुंद होते आणि ब्रेक एकदा लागला की सुटायला तयार होत नाही. तिसरा, चांगल्या प्रतीचे पॅड. चौथ्याला तर काहीच पडत नाही: मागच्या ड्रममधले लायनर झिजतील तसे पुढे सरकवणारी यंत्रणा वर्षानुवर्षांच्या धुळीने अडकून बसलेली असते, ती साफ करून लायनर ड्रमच्या जवळ आणून ठेवायचे. (ही धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि फुप्फुसांना पर्यायी भाग बाजारात मिळत नाहीत.)

एवढे केले तर शंभरातल्या नव्वद गाड्यांचे ब्रेक चोख होतात, आणि नेमकी तीच त्यांची उणीव ठरते, कारण यातले काहीही बाहेरून दिसत नाही. रविवारच्या पटांगणावर लोक इंजिन पाहतात, चाके पाहतात, चाकांच्या आऱ्यांमधून आत डोकावून पाहतात. नवे ब्रेक ऑईल पाहायला अजून कोणी वाकल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे या उपायांची शिफारस प्रत्येक जाणकार करतो आणि मग क्षणभर थांबून, आवाज जरा खाली आणून, टोयोटाच्या कॅलिपरचा विषय काढतो.

कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा बिडाचा चिमटा; त्याच्या पोटात तेलाच्या दाबाने सरकणारे पिस्टन असतात आणि ते पॅडला डिस्कवर रेटतात. २४०झेडच्या कॅलिपरमध्ये असे दोन पिस्टन असतात. टोयोटाने १९७९ ते १९८५ या काळात अमेरिकेत विकलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या, म्हणजे इतरत्र हायलक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालवाहू गाडीच्या, कॅलिपरमध्ये चार असतात. या दोन वाहनांचा परस्परांशी कसलाही संबंध नाही. एक जमिनीला पोट घासत जाणारे, दुसरे शेतातून कडब्याचे भारे आणि कुंपणाचे खांब वाहून नेणारे. कंपन्या वेगळ्या, काळ वेगळा, हेतू वेगळा. पण टोयोटाच्या कॅलिपरची बोल्टची भोके डॅटसनच्या खुंटाच्या भोकांशी जुळतात आणि डॅटसनची भरीव डिस्क त्याच्या खाचेत व्यवस्थित बसते. हा योगायोग प्रथम कोणाच्या लक्षात आला याची नोंद नाही. ज्या कोणाच्या आला त्याने भंगारात दोन अनोळखी गाड्यांच्या सांगाड्यांपुढे फूटपट्टी घेऊन बराच काळ घालवला असणार, आणि त्याच्या घरी त्या दिवशी तो कुठे होता हे विचारले गेले असणार. 'एस१२-८' या खुणेने ओळखला जाणारा हा कॅलिपर तेव्हापासून झेडच्या गरीब मालकांचे कुलदैवत आहे.

त्याच्या प्राप्तीचे दोन मार्ग. एक भंगाराच्या आवाराचा, जिथे गिऱ्हाइकाने स्वतःचे पाने घेऊन जायचे, गाडी शोधायची, चिखलात आडवे पडून भाग सोडवायचा आणि दारावर पैसे द्यायचे. दुसरा दुकानाचा, जिथे जुने कॅलिपर साफ करून, नवी सीले घालून पुन्हा विकायला ठेवलेले असतात. दुकानाचा मार्ग स्वच्छ खरा, पण तिथल्या संगणकाला भागाचा क्रमांक सांगून भागत नाही. त्याला आधी गाडी लागते.

"कुठल्या साली बनलेली?" काउंटरवरचा माणूस विचारतो.

"१९८३," गिऱ्हाईक सांगते. ते पाठ असते.

"टोयोटा पिकअप. फोर-व्हील-ड्राइव्ह?"

"हो."

"अर्धा टन की एक टन?"

इथे पाठांतर संपते. गिऱ्हाईक अर्धा म्हणते, मग त्याचा चेहरा वाचत एक म्हणते. विक्रेता शांतपणे टाइप करतो, स्टिअरिंग पॉवरचे आहे का, गाडीत एसी आहे का, असे संगणकाला पडलेले आणखी काही प्रश्न विचारतो आणि शेवटी काचेतून बाहेर पाहतो, जिथे संपूर्ण पटांगणात गुडघ्याएवढ्या उंचीची एक पिवळी डॅटसन तेवढी उभी असते.

"ट्रक घरी आहे," गिऱ्हाईक न विचारता सांगते.

यानंतर अनामतीचा मुद्दा येतो. दुरुस्त केलेला भाग विकताना दुकान किमतीवर काही रक्कम ठेवून घेते आणि त्याच जातीचा जुना भाग आणून दिल्यावर ती परत करते, म्हणजे कारखान्याला पुढच्या दुरुस्तीसाठी कच्चा माल मिळत राहतो. व्यवस्था निर्दोष आहे. फक्त ज्याच्याकडे टोयोटाच नाही त्याने टोयोटाचा जुना कॅलिपर कुठून आणावा, याचे उत्तर तिच्यात नाही. डॅटसनचा दोन पिस्टनांचा कॅलिपर काळ्या पिशवीत घालून काउंटरवर सरकवण्याचे प्रयत्न होतात, पण दोन आणि चार यांतला फरक विक्रेत्याला मोजता येतो. मग अनामत बुडू नये म्हणून हा काटकसरी मनुष्य भंगाराच्या आवारात जातो, तिथे निकामी टोयोटाचे गंजके कॅलिपर शोधतो, चिखलात आडवा पडून ते सोडवतो आणि दारावर पैसे द्यायला उभा राहतो. तिथे त्याला कळते की जुन्या कॅलिपरवर भंगारवालाही अनामत घेतो.

बसवण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. डिस्कमागे धुळीच्या आडोशाला लावलेला पातळ पत्रा नव्या कॅलिपरच्या अंगाला लागतो, तो कात्रीने कापायचा. कॅलिपरकडे येणारी लोखंडी नळी थोडी वाकवून वळवून घ्यायची. दोन बोल्ट आवळायचे. एका चाकाचे काम दुपारच्या जेवणाआधी होते आणि त्या आनंदात दुसऱ्याचे चहाच्या आधी. इथेच एक चूक घडते, जी इतक्या लोकांनी केली आहे की तिला आता परंपरेचा दर्जा मिळाला आहे. डावा आणि उजवा कॅलिपर दिसायला एकमेकांचे प्रतिबिंब असतात आणि अदलाबदल करूनही ते बिनतक्रार बसतात. फरक एवढाच की हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू, जो सर्वांत वर यायला हवा, तो सर्वांत खाली येतो.

ब्रेकची हवा काढणे हा विधी दोन माणसांचा आहे. नळ्या उघडल्या की आत हवा शिरते, हवा आक्रसते आणि पॅडल स्पंजासारखे लागते; म्हणून एकाने गाडीत बसून पॅडल दाबून धरायचे आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून स्क्रू सैल करायचा, म्हणजे पारदर्शक नळीतून तेल आणि त्याबरोबर हवेचे बुडबुडे मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत येतात. स्क्रू आवळल्याशिवाय पॅडल सोडायचे नाही, नाहीतर बाहेर आलेली हवा परत आत जाते. पॅडलवर बहुधा पत्नी असते, कारण ज्या मित्रांनी हा बेत सुचवलेला असतो ते त्या दिवशी गावाला गेलेले असतात. "दाब", "धर", "सोड" या तीन शब्दांत चाललेला हा संवाद पहिल्या पंधरा मिनिटांत प्रेमळ असतो, अर्ध्या तासानंतर केवळ कामापुरता उरतो, आणि स्क्रू खालच्या बाजूला असेल तर तो कधीच संपत नाही, कारण हवा कॅलिपरच्या माथ्याशी सुखाने बसलेली असते आणि खालून फक्त तेल वाहत राहते. तासाभराने, चार बाटल्या तेल बरणीत गेल्यावर, पत्नी गाडीतून उतरून सहज त्या चाकाकडे पाहते आणि विचारते, "बुडबुडे वर जात नाहीत का?" झेडच्या सुधारणेला पत्नींनी दिलेले हे सर्वांत मोलाचे तांत्रिक योगदान आहे.

हवा निघते, पण पॅडल पूर्वीपेक्षा खोल जाते, आणि इथून खर्चाला खरी सुरुवात होते. सरकारी अर्थसंकल्पात मंजूर रक्कम पुरली नाही की विधिमंडळापुढे पुरवणी मागण्या येतात. स्वस्तातल्या ब्रेकच्या प्रकल्पात त्या अधिवेशनाची वाट पाहत नाहीत. पॅडल खोल जाण्याचे कारण साधे आहे. पॅडल ज्याला ढकलते त्या मास्टर सिलिंडरमधून ठरावीक तेल बाहेर पडते, आणि चार पिस्टन सरकवायला दोनांपेक्षा जास्त तेल लागते. उपाय म्हणून मूळचा ७/८ इंच व्यासाचा मास्टर सिलिंडर काढून नंतरच्या २८०झेडएक्सचा १५/१६ इंचांचा बसवतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरते, त्यामुळे पॅडल कमी खोल जाते आणि पायाखाली छान घट्ट लागते. मात्र पास्कलच्या नियमाप्रमाणे तेवढाच दाब निर्माण करायला पायालाही १५ टक्के जास्त जोर द्यावा लागतो. ट्रकच्या कॅलिपरने उजव्या हाताने जे दिले त्यातले काही मास्टर सिलिंडर डाव्या हाताने काढून घेतो, परंतु घट्ट पॅडल हे चांगल्या ब्रेकचे लक्षण आहे असा सार्वत्रिक समज असल्यामुळे या व्यवहाराने सगळेच समाधान पावतात.

दुसरी पुरवणी मागणी डिस्कची. उष्णता सामावून घेते ती डिस्क, आणि एवढे सगळे करून डिस्क तीच साडेबारा मिलिमीटरची भरीव तबकडी राहिलेली असते; पॅड मोठे झाले, पकड वाढली, कॅलिपर कडक झाला, पण उष्णता साठवायला लोखंड एक ग्रॅमही वाढले नाही. मग १९८४ पासूनच्या ३००झेडएक्सची पोकळ डिस्क आणतात, जिच्या दोन पृष्ठांमध्ये हवा खेळायला वाटा असतात. ती नेमक्या जागी यावी म्हणून तिच्या आणि हबच्या मध्ये जाड चकती घालतात. आणि ही डिस्क जाड असल्यामुळे तिला रुंद खाचेचा, 'एस१२-डब्ल्यू' खुणेचा कॅलिपर लागतो. म्हणजे अनामतीसाठी चिखलात लोळून मिळवलेले पहिले कॅलिपर फळीवर जातात, जिथे डॅटसनचे मूळ कॅलिपर आधीच येऊन बसलेले असतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हिशेब इथे मागे पडलेला असतो. आता मसाल्यासाठी पाटा-वरवंटाही नवा घ्यायचा आहे.

तिसरी मागणी मागच्या चाकांची, आणि हिच्यात विनोद कमी व धोका जास्त आहे. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या चाकांना जास्त आणि मागच्यांना कमी ब्रेक द्यायचा असतो. हे वाटप गाडीच्या अभियंत्यांनी हिशेबाने ठरवलेले असते. पुढचे कॅलिपर वाढवले आणि मागचे ड्रम तसेच ठेवले की पुढची चाके आधी जाम होतात, जाम झालेले टायर घसरतात, स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही, आणि मागच्या टायरांची पकड वापरलीच जात नाही. अशा वेळी ब्रेक सुधारल्यानंतर थांबण्याचे अंतर पूर्वीपेक्षा वाढलेले असू शकते. उलट मागचे ब्रेक फार कडक केले तर मागची चाके आधी घसरतात आणि गाडी जिथे जायची होती तिथे तोंडाऐवजी पाठ करून जाते. दोन्हींत पहिले बरे, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. मागेही डिस्क बसवण्याचे निरनिराळे संच निघाले आहेत, पण त्यांत हँडब्रेकची केबल जुळवणे ही नेहमीची डोकेदुखी असते. तोवर ही गाडी शंभराच्या वेगावरून झकास थांबते आणि थांबल्यावर चढावर उभी राहत नाही. मालक ती गिअरमध्ये टाकून चाकामागे दगड लावतो. खंडाळ्याच्या घाटात ट्रकबरोबर फिरणाऱ्या क्लीनरला हे तंत्र पिढीजात अवगत असून त्याने त्यासाठी एक छदामही मोजलेला नाही.

नव्या पॅडना डिस्कवर नीट 'बसवावे' लागते, म्हणजे वेग घेऊन, पूर्ण न थांबता, पुन्हा पुन्हा ब्रेक मारून पॅडचा पातळ थर तापलेल्या डिस्कवर सारखा पसरवावा लागतो. हे काम रिकाम्या रस्त्यावर पहाटे करायचे असल्याने, पिवळ्या स्पोर्ट्स कारमध्ये बसून कोणाचाही पाठलाग नसताना वीस वेळा पळणाऱ्या आणि वीस वेळा मन बदलणाऱ्या माणसाने पोलिसांना काय सांगावे, हे आधी ठरवून ठेवलेले बरे.

राहता राहिला शोभेचा भाग. डिस्कला भोके पाडण्याची पद्धत शर्यतीतून आली. जुन्या काळचे पॅड तापल्यावर वायू सोडत आणि तो पॅड व डिस्क यांच्यामध्ये अडकू नये म्हणून त्याला वाट करून दिलेली असे. आजचे पॅड असा वायू जवळजवळ सोडत नाहीत, भोकांनी डिस्कचे लोखंड मात्र कमी होते आणि खूप तापवल्यास त्यांच्या कडांपासून तडे जातात. तरीही भोकाभोकांची डिस्क सर्वांत आधी खपते. तिच्यावरचा कॅलिपर लाल रंगवण्याची प्रथा महागड्या इटालियन ब्रेकच्या अनुकरणाने रूढ झाली असून उष्णता सोसणारा रंगाचा एक डबा हा या संपूर्ण अंदाजपत्रकातला सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक प्रशंसा मिळवणारा खर्च आहे. टोयोटाच्या ट्रकचा कॅलिपर लाल केला की तो कुठला आहे हे आऱ्यांतून डोकावणाऱ्याला ओळखता येत नाही, आणि ज्याला ओळखता येते त्याच्याकडेही बहुधा तोच बसवलेला असतो.

अलीकडे मात्र या शास्त्राला वेगळेच वळण लागले आहे. जानेवारी २०२० मध्ये मूळ स्थितीत राखलेली १९७१ सालची एक २४०झेड ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरना गेली, आणि तेव्हापासून झेडच्या मालकांमध्ये मूळ भागांविषयी एकदम भक्तिभाव दाटून आला. गाडी कारखान्यातून निघाली तशी असेल तर तिची किंमत वाढते, म्हणून आता दोन पिस्टनांचे, कमकुवत म्हणून काढून फेकलेले ते कॅलिपर शोधले जात आहेत. ज्यांनी ते फळीवर ठेवले होते ते दूरदर्शी ठरले आणि ज्यांनी ते काळ्या पिशवीतून काउंटरवर सरकवले होते त्यांना ते परत घेताना नव्या कॅलिपरपेक्षा जास्त पैसे मोजावे लागत आहेत. सुटलेले टोयोटाचे कॅलिपर असा मालक अर्थातच वाया घालवत नाही. तो ते पुसून, लाल रंगाचा आणखी एक हात देऊन, 'डॅटसनला थेट बसतात' अशी जाहिरात करतो; ते न्यायला येणाऱ्या तरुणाचे बजेट फार थोडे असते, त्यामुळे तो रंग आणि भाव या दोन्हींवर बराच वेळ हुज्जत घालतो आणि निघताना सहज विचारतो की यांतला डावा कुठला.